तक्रार पत्र: शोधात % आणि _ आले की भलतीच पुस्तके निघतात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ग्रंथालय सॉफ्टवेअरच्या शोध सुविधेतील दोष

महोदय,

आपले सॉफ्टवेअर आमच्याकडे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर चालते. दाखल क्रमांक ‘बाल_1204’ शोधला की ‘बाल-1204’, ‘बाल/1204’, शिवाय ‘बाल_12040’ ते ‘बाल_12049’ ही पुस्तकेही यादीत येतात. टाइप केलेल्या मजकुराच्या दोन्ही बाजूंना % लावून तो तसाच लाइक (LIKE) या नमुना जुळवणाऱ्या अटीला दिला जातो, हे याचे कारण. लाइकमध्ये _ म्हणजे कोणतेही एक चिन्ह आणि % म्हणजे कितीही चिन्हे, शून्यसुद्धा. ‘यादीतील पुस्तके निर्लेखित करा’ हे बटण याच यादीवर चालते. चांगली पुस्तके एका क्लिकसरशी दप्तरातून जातील, म्हणून हा दोष किरकोळ समजू नये.

‘आम्ही पॅरामीटर वापरतो, असे होणार नाही’ हे आपल्या मदत कक्षाचे उत्तर चुकीचे आहे. पॅरामीटरने, म्हणजे मजकूर आज्ञेपासून वेगळा पाठवल्याने, एसक्यूएल इंजेक्शन (मजकुरातून डेटाबेसला छुपी आज्ञा देणे) टळते. % आणि _ यांचा अर्थ बदलत नाही. लाइकमध्ये मागे \ लावले की पुढचे चिन्ह साधे अक्षर मानले जाते. म्हणून आधी मजकुरातल्या प्रत्येक \ चे \\ करा, त्यानंतर % चे \% आणि _ चे \_ करा. क्रम उलटला तर नुकत्याच घातलेल्या \ चीही दुप्पट होते आणि शोध पुन्हा बिघडतो. दाखल क्रमांकाला तर लाइक नकोच, तंतोतंत जुळणी करणारे = पुरे.

वाचक सवयीने * आणि ? टाकतात. वरील बदलानंतर त्यांचे अनुक्रमे % आणि _ करावे. मात्र _ युनिकोड चिन्ह मोजतो, जोडाक्षर नाही. ‘क_म’ला ‘कलम’ आणि ‘काम’ जुळतात. ‘क्रम’ जुळत नाही, कारण मध्ये हलन्त आणि र अशी दोन चिन्हे आहेत. हे मदतपानावर लिहा.

‘किनाऱ्यावर’सारख्या शब्दांत आणखी एक अडचण आहे. काही नोंदींत नुक्त्याचा ऱ आहे, तर काहींत साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (ZWJ, न दिसणारे जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, लाइकला ते वेगळे. एनएफसी (NFC, युनिकोड मजकूर प्रमाणरूपात आणण्याची पद्धत) करूनही एक होत नाहीत. शोधासाठी वेगळा रकाना ठेवून त्यात एकच रूप साठवा, मूळ नोंद तशीच राहू द्या. शोधशब्दालाही तोच नियम लावा.

दुरुस्ती होईपर्यंत निर्लेखनाचे बटण बंद ठेवावे आणि वार्षिक देखभाल करारानुसार 15 दिवसांत सुधारित आवृत्ती द्यावी. ती देताना ‘50%’, ‘बाल_1204’ आणि एकटे ‘%’ आमच्यासमोर शोधून दाखवावे. तिसऱ्या शोधात सगळा संग्रह आला, तर आम्ही दुरुस्ती स्वीकारणार नाही.

आपला,
ग्रंथपाल