दर शनिवारच्या धूरफवारणीच्या ठरावाबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती

विषय : धूरफवारणीचा वर्षभराचा करार सध्या करू नये याबाबत

स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावर येत्या सभेचे विषय वाचले. डेंग्यूवर उपाय म्हणून वर्षभर दर शनिवारी संध्याकाळी धूरफवारणी करायचं घाटतंय. गेल्या पावसाळ्यात आमच्याच मजल्यावर दोघांना डेंग्यू झाला होता, त्यामुळे समितीने हा विषय घेतला हे चांगलंच झालं. उपायाला मात्र माझा विरोध आहे.

धुराने मरतो तो त्या वेळी हवेत उडणारा डास. अंडी, अळ्या, कोष सुखरूप राहतात. शिवाय डेंग्यूचा डास, म्हणजे एडीस इजिप्ती, घरात राहणारा. दिवसा चावतो, एरवी पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या सांदीत बसून असतो. आपलं यंत्र फिरणार पार्किंगमध्ये आणि कंपाउंडच्या कडेने, आणि त्याची घरघर ऐकू आली की आपण सगळे खिडक्या लावून घेणार. धूर बाहेर, डास आत! त्यातून बऱ्याच देशांत हे डास नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झालेत, ते वेगळंच.

जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची मार्गदर्शक तत्त्वं धूरफवारणी साथ आटोक्यात आणण्यापुरती, आणीबाणीचा उपाय म्हणून सांगतात. २०१० साली घराभोवतालच्या फवारणीवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा तिने डेंग्यू कमी होतो असा ठोस पुरावा मिळाला नाही.

सभेत कुणीतरी म्हणेलच, “गेल्या वर्षी फवारलं आणि डेंग्यू थांबला.” थांबला, खरं आहे. पण आपण फवारलं पावसाळा सरता सरता. पुढे थंडी पडू लागली की साथ तशीही ओसरते. फवारलं नसतं तर काय झालं असतं, हे आपल्याला कुठे ठाऊक आहे?

उपाय केला तर काय आणि नाही केला तर काय, अशी तुलना निकाराग्वा आणि मेक्सिकोत नीट केली गेली; फवारणीची नव्हे, डासांची पैदास मोडण्याची. तिचे निष्कर्ष २०१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. १५० वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या. सरकारी डास-नियंत्रण दोन्हीकडे चालूच होतं. निवडलेल्या वस्त्यांत रहिवाशांनी स्वतः घरोघरी जाऊन डासांची पैदास मोडायची, एवढाच फरक. तिथे मुलांमधली लागण सुमारे ३० टक्क्यांनी आणि अळ्या-कोष सापडणारी घरं ४४ टक्क्यांनी कमी निघाली. ३० टक्के म्हणजे जादू नव्हे, पण तो आकडा मोजून आलेला आहे.

अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून पाणी आठवड्यातून एकदा तरी काढायचं. नुसतं ओतून भागत नाही. ही अंडी पाण्याच्या वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात; पुन्हा पाणी भरलं की अळ्या. कड घासायलाच हवी. कुंडीखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरच्या टाक्यांची तडकलेली झाकणं, कूलर हे तर आलंच. आणि सांगायला लाज वाटते, मागच्या रविवारी मला अळ्या सापडल्या त्या माझ्याच मनी प्लांटच्या बाटलीत.

माझं म्हणणं असं की कराराआधी एका रविवारी प्रत्येक विंगमधून दोघांनी घरोघर फिरून पाहावं आणि किती घरांत अळ्या सापडल्या तो आकडा बोर्डावर लावावा. घरांची नावं अजिबात नकोत, नाहीतर पुढच्या खेपेला कुणी दार उघडणार नाही. मग चार आठवडे दर रविवारी हेच करावं आणि आकडा उतरतो का ते बघावं. नाहीच उतरला तर कराराचा विषय पुन्हा घ्या, मी आडवी येणार नाही. दरम्यान सोसायटीत एकाच वेळी बरेच रुग्ण निघाले तर आरोग्य खात्याला कळवून फवारणी जरूर करून घ्यावी.

टाक्यांची झाकणं मात्र सभेची वाट न बघता बदलावीत. बी विंगच्या तपासणीसाठी माझं नाव लिहून घ्या. जोडीला एक जण हवा, शक्यतो जिने चढणारा.

आपली नम्र,
बी विंगमधील एक सभासद