ठराव आधी, खड्डे नंतर

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मागच्या पावसाळ्याआधी गावालगतच्या चराईच्या रानात ओळीने खड्डे खोदलेले दिसले. चौकशी केली तेव्हा कळलं, सागाचं रोपवन मंजूर झालंय. ग्रामसभा त्यानंतर महिन्याने बसली आणि सह्या आमच्याच मागितल्या. गुरं कुठे चरणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

साहेब, वन आणि ग्रामविकासाच्या प्रत्येक योजनेत आम्हाला ‘भागधारक’ म्हणतात. वनखातं, पंचायत, संस्था, ठेकेदार आणि त्यांच्या रांगेत शेवटी गाव. पण 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनक्षेत्र राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. ज्याच्याकडे व्यवस्थापन आहे, त्याला सगळं ठरल्यावर का बोलावता?

गावाला जंगल सांभाळता येत नाही, असं आजही ऐकावं लागतं, म्हणून सांगतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला एप्रिल 2011 पर्यंत भांडावं लागलं. चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. हातची कमाई सोडण्याचा तो निर्णय गावाने स्वतः घेतला.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची रीत होती. तिथूनच वणवा पेटायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी बायांनी सभेत ठरवलं, पाला जाळायचा नाही, झाडून बाजूला करायचा. आता पहाटे मोहाखाली खराट्यांचा आवाज येतो. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा, वनखात्याने काढावी, तिची गरज आहेच. पण कुठलं झाड कोण वेचतं, हे त्या बायांनाच ठाऊक, आणि योजनेच्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची नसते.

वनरक्षकांशी आमचं भांडण नाही. एवढं मोठं बीट, म्हणजे नेमून दिलेलं जंगल, एकट्याने फिरणाऱ्या माणसाचे हाल आम्ही रोज पाहतो. रोपांची निवड, मोजमाप, शिकारीचा तपास यात खात्याची मदत हवीच. संस्थांनी हिशेब आणि नकाशे शिकवावेत, पंचायतीने रोजगार हमीची कामं वेळेत सुरू करावीत.

आपल्याकडे मागणं एकच. सामूहिक हक्काच्या क्षेत्रात रोपवन असो की कूपतोड (आखलेल्या पट्ट्यातली झाडतोड), ग्रामसभेचा ठराव जोडल्याशिवाय अंदाजपत्रकाला मंजुरी देऊ नये, असा लेखी आदेश काढा. येत्या पावसाळ्याचे खड्डे खोदायच्या आत तो आमच्या हातात पडावा.

आपला,
एका ग्रामसभेचा सदस्य