घरकामाचा दिवस

लाइपझिग, १६ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. नमस्कार.

चिमू पाळणाघरात रुळला. पहिले आठ दिवस दारातच गळ्याला मिठी मारून रडायचा, आता बाईंना पाहिलं की माझा हात सोडून पळतो. "एवढ्याशा लेकराला परक्यांच्या हाती सोडून कामावर कशी जातेस?" असं तू विचारलंस, तेव्हापासून ते डोक्यात आहे. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

आमच्या तळमजल्यावर एक आजी राहतात. पूर्व जर्मनीच्या काळात त्या इथल्या मोठ्या सूतगिरणीत रिंग खात्यात होत्या. पहाटे उठून, मुलीला गिरणीच्याच पाळणाघरात सोडून सहाची पाळी गाठायच्या. परवा त्यांनी कपाटातून एक छोटा टॉवेल काढून दाखवला. कडेला दोऱ्याने भरलेलं बदक, चोच अजून पिवळीधमक. मुलांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या खुंटीवर एक चित्र असायचं. त्यांच्या मुलीचं बदक होतं. आपल्या चिमूच्या खुंटीवर कासव आहे. ती पद्धत अजून तशीच.

१९८९ पर्यंत पूर्व जर्मनीतल्या दहातल्या नऊ बायका नोकरीत किंवा शिक्षणात होत्या. पश्चिम जर्मनीत तेव्हा काय होतं माहीत आहे? तिथल्या कायद्यात १९७७ पर्यंत लिहिलेलं होतं, की घरची जबाबदारी सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. आजी म्हणाल्या, "माझा पगार माझ्या हातात यायचा. नवऱ्याशी पटेना तेव्हा मुलीला घेऊन वेगळी झाले, कुणापुढे हात पसरला नाही."

पण एक गोष्ट ऐकून मी गप्पच झाले. १९५२ पासून पूर्व जर्मनीत घरसंसार सांभाळणाऱ्या कामकरी बाईला महिन्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी मिळायची, घरकामासाठी. नावच 'घरकामाचा दिवस'. आधी मला केवढं कौतुक वाटलं! मग विचारलं, नवऱ्यांना? तर पुरुषाला ती १९७७ नंतर, आणि तीही एकटा मूल वाढवत असेल किंवा बायको आजारी असेल तरच. म्हणजे धुणं-भांडी बाईचीच, हे सरकारने सुट्टी देऊनच पक्कं केलं. १९६५ च्या कुटुंब कायद्यात घर दोघांनी सांभाळायचं असं लिहिलं होतं तरी! आणि सत्ता? पॉलिटब्युरोत, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, शेवटपर्यंत एकही बाई पूर्ण सदस्य झाली नाही. दोघी वर्षानुवर्षं उमेदवार सदस्यच राहिल्या, मताचा हक्क नसलेल्या.

व्हिएतनाममधून कंत्राटावर आणलेल्या मुली आजींच्या खात्यात होत्या. त्यातली कुणी गरोदर राहिली, तर गर्भपात कर नाहीतर मायदेशी जा. गिरणीला पाळणाघर होतं, पण या मुलींच्या बाळांना तिथे खुंटी नव्हती. मी स्वतः इथे व्हिसावर राहून, रजा घेऊन चिमूला जन्म दिला. त्या मुली डोळ्यांपुढून हलत नाहीत.

एकीकरणानंतर गिरणी बंद पडली. आता तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. आजींना चाळिशीत नवं काम शिकावं लागलं.

आई, तू तेवीस वर्षं अंगणवाडी चालवतेस. दुसऱ्यांची लेकरं तुझ्याकडे सोपवून बायका रानात जातात, त्यांना तू कधी परकी वाटलीस का? माझ्या चिमूच्या बाई तुझंच काम करतात, फक्त त्यांना पगार मिळतो, पेन्शन मिळतं. तुला मिळतं ते मानधन. २०२३ च्या डिसेंबरात तुम्ही संपावर बसलात, तेव्हा मी "तब्येत सांभाळ" एवढंच म्हणाले, "मागे हटू नका" म्हणायला हवं होतं. पुढच्या वेळी म्हणेन, आणि युनियनच्या वर्गणीचे पैसेही पाठवेन.

पत्र बाबांनाही वाचायला दे. तू अंगणवाडीतून आल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक कोण करतं, ते त्यांनी मला स्वतः लिहून कळवावं.

तुझी,
ताई