बालदी

म्हार्दोळ, फोंडा

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. पावसानं न्हाणीच्या भिंतीला शेवाळ धरलंय, बाकी घर ठीक.

पोर्तुगालात कश्काइशला पावला रेगो या चित्रकर्तीच्या त्या चित्रांसमोर तू दोनदा म्हणालास, "चल आई, पुढची बघू." मी हलले नाही. मला किळस आली असं तुला वाटलं, आणि गाडीत तू माफी मागितलीस. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तूच सांगितलंस, १९९८ साली पोर्तुगालात गर्भपाताला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर लोकांचा कौल घेतला, एक तृतीयांश मतदारही आले नाहीत आणि कायदा थोडक्यात पडला. त्या संतापात तिनं ही पेस्टल खडूंची चित्रं काढली. रक्ताचा थेंब नाही कुठं. खाट, टॉवेल, शाळेच्या गणवेशातली पोर. आणि बालदी. शब्दसुद्धा त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेला.

१९६८ साली मी नऊ वर्षांची होते. धाकटी आत्या लग्नाची व्हायची होती. एका रात्री परगावची वैजीण मागच्या दारानं आली. न्हाणीत कंदील लावला. आजी म्हणाली, आत्याला ताप आहे, तू नीज. मी निजले नाही. पहाटे जस्ताची बालदी वर फडकं टाकून माडांकडे नेताना बघितली. आत्या तीन आठवडे माजघरात पडून होती. पुढे लग्न झालं, मूल झालं नाही. हळदीकुंकवाला तिला दाराशी बसवत, वांझ म्हणत. ज्यांना सगळं ठाऊक होतं तीच माणसं म्हणत. आपल्याकडे कायदा झाला १९७१ साली. तिला तीन वर्षं उशीर.

त्या चित्रांतली एक बाई सरळ आपल्याकडे बघते, आठवतं? रडत नाही, काही मागतही नाही. मी पाणी घेऊन गेले तेव्हा आत्यानं माझ्याकडे असंच बघितलं होतं. तांब्या ठेवून मी पळाले होते. पुढे ती गेली तोवर चाळीस वर्षं तिच्या नजरेला नजर दिली नाही मी. त्या दिवशी त्या बाईसमोर उभी राहिले ती त्यासाठी.

तुला ती चित्रं कुरूप वाटली. जाड पाय, आवळलेले चेहरे. पण सुंदर काढली असती तर मी कौतुक करून पुढे गेले असते, बाबू.

२००७ला दुसऱ्यांदा कौल घेतला आणि तिथला कायदा बदलला. या चित्रांचा त्यात वाटा होता असं मानतात, हे ऐकून बरं वाटलं.

आता एकच. नातीला तू बाहेर बागेत बसवलंस. परत आल्यावर तिनं विचारलं, "आजी, आत काय होतं?" मी म्हटलं, काही नाही गं. माझ्या आजीनं मला ताप सांगितला, तसंच. तीही नऊ वर्षांची आहे. चवथीला याल तेव्हा ती पुन्हा विचारेल. तिला झेपेल एवढं मी सांगणार आहे, आत्याचं नाव घेऊन. तेव्हा मला "चल, पुढे" म्हणू नकोस.

तुझी
आई