सिकलसेल वाहकाच्या लघवीत रक्त आढळल्यास

महोदय,

जागतिक सिकलसेल दिनानिमित्त विदर्भात ठिकठिकाणी तपासणी शिबिरे झाली. ‘एएस पॅटर्न’ (म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे एकच जनुक) निघालेल्यांना तिथे साधारणपणे एकच सांगितले जाते: तुम्ही फक्त वाहक आहात, तुम्हाला आजार नाही, लग्न जुळवताना मात्र जोडीदाराची तपासणी करून घ्या. बहुतेकांच्या बाबतीत हे खरेच आहे. पण त्यात एक वाक्य कमी पडते, आणि ते मूत्रपिंडाविषयीचे आहे.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षारांचे प्रमाण जास्त असल्यामुळे वाहकाच्या तांबड्या पेशीही तिथे विळ्यासारख्या वाकू शकतात. लघवीतून रक्त जाण्याचे कारण बहुधा एवढेच असते. मात्र याच भागात रीनल मेड्युलरी कार्सिनोमा हा अत्यंत दुर्मीळ, पण झपाट्याने पसरणारा कर्करोगही होतो. १९९५ मध्ये स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेलेला हा कर्करोग मुख्यतः तरुण सिकलसेल वाहकांतच, तोही उजव्या मूत्रपिंडात अधिक, आढळतो, आणि निदान होते तेव्हा बहुतेकांत तो मूत्रपिंडाबाहेर गेलेला असतो. विशीतल्या मुलाला कर्करोग असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. उन्हाळी लागली किंवा मुतखडा असेल म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि मोलाचे आठवडे निघून जातात.

प्रयोगशाळेत आमच्याकडे गाठीचा तुकडा तपासणीसाठी येतो, तेव्हा सोबतच्या अर्जावर ‘उजव्या मूत्रपिंडात गाठ’ एवढेच लिहिलेले असते. रुग्ण वाहक असल्याचा उल्लेख क्वचितच असतो. तो असेल, तर आयएनआय-१ या प्रथिनाची चाचणी लगेच लावता येते. या कर्करोगाच्या पेशींत ते प्रथिन नाहीसे झालेले असते. हा फरक उपचारांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगावर चालणारी औषधे इथे फारशी उपयोगी पडत नाहीत, प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी द्यावी लागते.

वाहकांनी घाबरून जावे असे यात काही नाही. परंतु १ जुलै २०२३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात कार्डे वाटली जातातच, तर त्यांवर ‘लघवीत रक्त दिसल्यास सोनोग्राफी आणि गरजेनुसार सीटी स्कॅन करून घ्यावे, डॉक्टरांना हे कार्ड दाखवावे’ एवढी सूचना मराठीत, तसेच गोंडी आणि भिली भाषांतही छापावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक पॅथॉलॉजिस्ट, नागपूर