दादाच्या गोळीचं

सोलापूर

प्रिय सुऱ्या,

फोनवर बोलायला गेलो की आपण काकांच्या त्या दिवसापाशीच अडतो, म्हणून लिहितोय. दादानं रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद केलीय. गड्डा यात्रेपासून. वहिनीला कपाटात पाकिटं तशीच सापडली.

हृदयाचा स्नायू जाड झालाय, हे तुला माहीतच आहे. तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं. दिवाळीनंतर ठोके बेताल झाले, एएफ निघालं. वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. रक्त तिथं साकळतं, गुठळी होते, आणि सुटली की मेंदूत. मी डॉक्टरांना विचारलं, बीपी नाही, शुगर नाही, वय साठच्या आत, मग एवढी जबर गोळी? ते म्हणाले, एरवी याच गोष्टींचे गुण मोजून ठरवतो. पण स्नायू जाड असताना एएफ आलं की गुण बघायचेच नाहीत, गोळी द्यायचीच. दादा शेजारी बसून मान डोलावत होता!

मग कुणीतरी सांगितलं पालेभाजी वर्ज्य. यानं मेथी, शेपू, पालक सगळं एकदम सोडलं. त्यात अर्धी गोळी आईच्या अडकित्त्यानं कापायचा. एक फोड मोठी, दुसरीचा भुगा. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, आयएनआर, दोन ते तीनच्या मध्ये हवा, तो चारच्या वर गेला. वर गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं आणि साहेब घाबरले. अरे, अशा वेळी डॉक्टर डोस बदलतात! भाजीही सोडायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते. आयएनआर न तपासता घेता येणाऱ्या नव्या गोळ्याही आहेत, पण महाग म्हणून त्या नकोत म्हणतो.

माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. पार्क मैदानावरच्या त्या रनआऊटवरून तुम्ही वर्षभर बोलला नव्हतात, तरी काकांचं तोंड वाकडं झालं तेव्हा रिक्षात त्यांना मांडीवर घेऊन तोच बसला होता. (आणि तू आऊटच होतास बे, मी अजूनही दादाच्याच बाजूचा.) काकांना पुढं चार वर्षं घास भरवावा लागला, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे. मी सांगितलं की प्रवचन होतं.

माझाही इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला, असा स्नायू जाड निघाला की सख्ख्या भावंडांचा काढतातच. नॉर्मल आहे. पिंकीची बारावी कशी चाललीय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? शेंगाचटणी कुणाबरोबर तरी पाठवतो.

रविवारी कारखाना बंद असतो, दुपारी जेवून तो घरीच असतो. तेव्हा फोन कर. मी पत्र लिहिलंय म्हणू नकोस. आपल्या मनानं आज लगेच गोळी सुरू कर असंही सांगू नकोस. सोमवारी त्याला डॉक्टरांकडे नेतोय, रक्त तपासून डोस तेच ठरवतील. तो गाडीत बसायला तयार होईल एवढं तू बघ.

तुझा,
बाळ्या