कापडी दिसते म्हणून कापडी नसते

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी आली २०१८ साली, तेव्हा चार दिवस सगळे पिशव्या घेऊन भाजीला जायचे, मग परत जैसे थे. आता भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मागितली की तो इकडेतिकडे बघत गाडीखालून काढून देतो, आणि दुकानदार ती रंगीत, मऊ, छापील पिशवी देतात आणि वर सांगतात, काका ही कापडी आहे, चालते. मी पण दोन वर्षं तेच समजत होतो. परवा बायकोने त्या पिशवीच्या कडेचा धागा ओढून बघायला सांगितलं, तर धागा निघेचना, कारण ती विणलेलीच नसते! पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू गरम करून चिकटवलेले असतात, म्हणजे शेवटी प्लास्टिकच. उन्हात राहिली की भुगा होऊन हाताला चिकटते, आमच्या माळ्यावर असा गठ्ठाच सापडला.

तेव्हापासून आईच्या जुन्या नऊवारीच्या शिवलेल्या पाच पिशव्या वापरतोय, एक कायम स्कूटरच्या डिकीत. तरी आठवड्यातून एकदा विसरतोच, खोटं कशाला बोलू. मग कोथिंबीर रुमालात आणि बटाटे हेल्मेटमध्ये, लोक हसतात पण घरी पोचतं सगळं. मासळीचं मात्र अजून जमलं नव्हतं, आता स्टीलचा डबा नेतो तर कोळीणबाई म्हणाल्या, "पूर्वी सगळेच आणायचे रे बाबा," आणि वर दोन बांगडे जास्तीचे टाकले.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे